रिकामे राहिलेले कॅलेंडर

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी जे पहिले मोठे काम एकट्याने पूर्ण केले, ते म्हणजे आमच्या विभागासाठी तयार केलेले सामाईक कॅलेंडर. विभागातील प्रत्येकाने आपल्या बैठका, रजा आणि कामाच्या वेळा त्यात नोंदवायच्या आणि कोणाला बैठक ठरवायची असेल तेव्हा संगणकाने सर्वांच्या वेळा पडताळून मोकळा तास शोधून द्यायचा, अशी त्यामागची कल्पना होती. तो तास शोधण्याचा भाग लिहिताना मी रात्री जागवल्या होत्या आणि त्याचा मला अभिमानही होता. नोंदीच्या पानावर बारा रकाने होते. ते भरायला किती वेळ लागतो, हे मी कधी मोजले नव्हते, कारण चाचणीच्या वेळी ते भरण्याचे काम माझ्याच एका प्रोग्रामने केले होते.

दोन महिन्यांनी हे कॅलेंडर अगदी अचूक चालत होते आणि जवळजवळ पूर्ण रिकामे होते. विभागप्रमुख तेवढे नेमाने नोंदी करत. त्यांच्यासाठी त्या नोंदी त्यांच्या साहाय्यकाने केलेल्या असत, हे मला पुष्कळ उशिरा कळले. रिकाम्या कॅलेंडरची गंमत अशी की संगणकाच्या दृष्टीने त्यात सगळे जण सदैव मोकळे असतात. त्यामुळे माझा प्रोग्राम बैठकीसाठी पहिलाच तास सुचवी, आणि नेमके त्याच वेळी निम्मे लोक दुसऱ्या कामात अडकलेले असत. मी आठवणीचे संदेश पाठवले, एक छोटे प्रशिक्षण घेतले, मदतीचे पान लिहिले. शेवटी सहकाऱ्यांना शिस्त नाही, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो.

काही वर्षांनी जोनाथन ग्रुडिन यांचा १९८८ सालचा एक शोधनिबंध माझ्या वाचनात आला आणि त्यात माझ्याच कॅलेंडरचे वर्णन आहे की काय, असे मला वाटले. गटाने एकत्र काम करावे म्हणून तयार केलेली सॉफ्टवेअर का फसतात, हा त्या निबंधाचा विषय होता आणि त्यातील एक उदाहरण बैठका आपोआप ठरवणाऱ्या कॅलेंडरचेच होते. ग्रुडिन यांचे म्हणणे थोडक्यात असे की अशा साधनांमध्ये जास्तीचे काम एकाला करावे लागते आणि फायदा दुसऱ्यालाच होतो. बैठक बोलावणाऱ्याचा वेळ वाचतो, पण त्यासाठी इतर सर्वांनी आपापले कॅलेंडर रोज भरत राहावे लागते, आणि त्यांच्या पदरात पडते ती आणखी एक बैठक. शिवाय अशी साधने विकत घ्यायची की नाही, हे ठरवणारे लोक बहुधा बैठका बोलावणारे असतात, त्यामुळे ती कल्पना त्यांना मनापासून पटते. भार कोणावर पडणार आहे, हे त्यांच्या नजरेसमोर येतच नाही. एकट्याने वापरायच्या प्रोग्रामचे असे होत नाही. तिथे कष्ट करणारा आणि फळ घेणारा एकच असतो, आणि तो कंटाळला तर नुकसानही त्याचे एकट्याचेच होते.

हा निबंध वाचल्यावर या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तोपर्यंत मी त्याला नेटवर्क आणि डेटाबेस यांचा विषय समजत होतो.

या अभ्यासशाखेचे नावच लांबलचक आहे. १९८४ साली आयरीन ग्रीफ आणि पॉल कॅशमन यांनी निरनिराळ्या क्षेत्रांतील काही मंडळींना एकत्र बोलावून, लोक प्रत्यक्षात काम कसे करतात आणि संगणकाने त्यांना कशी मदत करावी, यावर चर्चा घडवून आणली. त्या निमित्ताने त्यांनी जे नाव योजले, त्याचा अर्थ ‘संगणकाच्या आधाराने होणारे सहकार्यपूर्ण काम’ असा होतो, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून ही शाखा ‘सीएससीडब्ल्यू’ म्हणून ओळखली जाते. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, अमेरिकेतील ऑस्टिन येथे या विषयाची पहिली परिषद भरली. ‘ग्रुपवेअर’ हा सुटसुटीत शब्द त्याहूनही जुना आहे. तो पीटर आणि ट्रुडी जॉन्सन-लेन्झ या दांपत्याचा. त्यांच्या व्याख्येत गटाने समजूनउमजून ठरवलेली कार्यपद्धती आणि तिला आधार देणारे सॉफ्टवेअर अशा दोन्ही गोष्टी होत्या, आणि कार्यपद्धतीचा उल्लेख आधी होता. बाजारात आल्यावर त्या व्याख्येचा उत्तरार्ध तेवढा शिल्लक राहिला. मराठीत यासाठी ‘सहकार’ शब्द सहज सुचतो, पण तो दुसऱ्या अर्थाने इतका पक्का बांधला गेला आहे की मी आपला ‘समूहकार्य’ म्हणतो.

मूळ कल्पना मात्र या सगळ्या नावांच्या आधीची आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचे एक प्रात्यक्षिक सादर केले. माऊस लोकांसमोर आला तो प्रसंग म्हणून त्याची आठवण काढली जाते, आणि मला ते थोडे अन्यायाचे वाटते. मंचावर बसलेले एंगेलबार्ट आणि तिथून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत बसलेला त्यांचा सहकारी, असे दोघे एकाच वेळी एकच मजकूर पडद्यावर पाहत होते, त्यावर बोलत होते, आणि सहकाऱ्याचा चेहराही त्याच पडद्याच्या एका कोपऱ्यात दिसत होता. माऊस हे त्या कामातले एक अवजार होते. अनेक माणसांच्या गटाला गुंतागुंतीचे प्रश्न एकत्रितपणे सोडवता यावेत, हा एंगेलबार्ट यांचा उद्देश होता, आणि १९६२ सालच्या त्यांच्या अहवालापासून त्यांनी तो लपवलेला नाही. पुढे संगणक घराघरांत गेला तो ‘वैयक्तिक’ हे विशेषण लावून. माऊस सर्वांना मिळाला. दोघांचा मिळून एक मजकूर व्हायला मात्र आणखी बरीच वर्षे जावी लागली.

ती का जावी लागली, हे समजण्यासाठी एकाच मजकुरावर दोघांनी काम करणे एवढे अवघड का आहे, हे थोडे खोलात जाऊन पाहायला हवे.

सर्वांत सोपा उपाय कुलपाचा. एकाने फाईल उघडली की ती इतरांसाठी बंद. १९८२ साली वॉल्टर टिची यांनी लिहिलेल्या ‘आरसीएस’मध्ये, म्हणजे फाईलच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, प्रोग्रामर फाईलला असे कुलूप लावून काम करत आणि काम झाल्यावर ते काढत. ही पद्धत सुरक्षित आहे आणि कुलूप लावणारा माणूस ते न काढता रजेवर जाईपर्यंत चांगली चालते. डिक ग्रून हे ॲमस्टरडॅम येथील विद्यापीठातले अध्यापक आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एक कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, लिहीत होते. एक विद्यार्थी कचेरीच्या वेळेत नियमाने येणारा, दुसऱ्याच्या वेळेचा काही नेम नाही, आणि स्वतः ग्रून यांना फक्त संध्याकाळी वेळ मिळायचा. एकमेकांच्या कुलपांची वाट पाहत बसणे तिघांनाही परवडणारे नव्हते. म्हणून प्रत्येकाने आपापल्या प्रतीवर काम करावे आणि नंतर बदल एकमेकांत मिसळावेत, अशी सोय ग्रून यांनी केली. तीच १९८६ साली ‘सीव्हीएस’ म्हणून जाहीर झाली आणि प्रोग्रामर मंडळींमध्ये कुलपाऐवजी ‘मर्ज’ करण्याची रीत रुळण्यात तिचा मोठा वाटा होता. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेले ‘गिट’ त्याच वाटेवर पुष्कळ पुढे गेलेले आहे. तिघांच्या न जुळणाऱ्या दिनक्रमातून एवढी मोठी गोष्ट उभी राहावी, हे मला फार आवडते.

मात्र हे मर्ज करणे सवडीचे असते. दोघे एकाच ओळीत एकाच क्षणी टंकत असतील, तर सवड नसते. प्रत्येकाला आपले अक्षर तत्काळ पडद्यावर दिसायला हवे, म्हणून प्रत्येकाच्या यंत्रावर मजकुराची स्वतंत्र प्रत ठेवावी लागते आणि बदलांचे निरोप इकडून तिकडे जात राहतात. निरोप पोहोचायला थोडा वेळ लागतो, आणि सगळा घोटाळा त्या थोड्या वेळात होतो.

उदाहरण घेऊ. मजकुरात ‘वाचन’ हा शब्द आहे. संगणकाच्या हिशेबी त्यात व, काना, च आणि न अशी चार चिन्हे आहेत. मी त्याच्या आधी ‘सह’ लिहितो, आणि त्याच क्षणी तुम्ही शेवटचा ‘न’ खोडता. माझ्याकडून निरोप निघतो की सुरुवातीला दोन चिन्हे घाला. तुमच्याकडून निघतो की चौथे चिन्ह काढून टाका. तुमच्या प्रतीत ‘वाच’ झालेलेच आहे, त्याला ‘सह’ जोडून ‘सहवाच’ होते. माझ्या प्रतीत मात्र आता ‘सहवाचन’ आहे आणि त्यातले चौथे चिन्ह म्हणजे काना. तो निघाला की उरते ‘सहवचन’. दोन पडदे, दोन शब्द, आणि दोघांनाही आपण एकच मजकूर पाहत आहोत, असा विश्वास. ‘सहवचन’ दिसायला इतका सभ्य शब्द आहे की ही चूक आहे, हेही पटकन लक्षात येऊ नये.

क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी १९८९ साली यावर जो तोडगा मांडला, तो सांगायला सोपा आहे: दुसऱ्याचा निरोप आला की तो जसाच्या तसा अमलात आणायचा नाही; तो निघाला तेव्हा पाठवणाऱ्याला आपले कोणते बदल माहीत नव्हते, ते पाहून निरोपच त्या हिशेबाने बदलून घ्यायचा. मी आधी दोन चिन्हे घातलेली असल्यामुळे तुमच्या निरोपातले ‘चौथे’ माझ्यासाठी ‘सहावे’ होते, ‘न’ खोडला जातो आणि दोन्हीकडे ‘सहवाच’ येते. सांगायला सोपे असले, तरी हे करायला कठीण आहे. निरोपांचे क्रम निरनिराळ्या प्रकारे उलटसुलट झाले की मूळ पद्धतीतही काही प्रसंगी प्रती वेगळ्या राहतात, हे पुढे लक्षात आले आणि त्या दुरुस्त्यांवर अनेकांची वर्षे खर्ची पडली. त्यानंतर प्रत्येक चिन्हाला स्थानाऐवजी कायमची ओळख द्यायची, म्हणजे ‘चौथे’ की ‘सहावे’ हा प्रश्नच उरणार नाही, असा दुसरा मार्ग निघाला. या कुळातल्या रचनांना मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सीआरडीटी’ हे नाव आणि पक्का गणिती पाया दिला. एकाच दस्तऐवजात दहा जणांचे रंगीत कर्सर एकमेकांच्या आगेमागे पळताना आज आपल्याला त्याचे काही वाटत नाही, यामागे हे सगळे आहे.

हा विषय नीट कळावा म्हणून मी एकदा असा एक लहानसा संपादक स्वतः लिहून पाहिला. बऱ्याच खटपटीनंतर दोन्ही प्रती कायम सारख्या राहू लागल्या आणि मी तो एका मित्रासमोर ठेवला. चाचणीच्या मजकुरात ‘पुल’ असा एक चुकीचा शब्द होता. मला वाटले की लिहिणाऱ्याला ‘फुल’ म्हणायचे होते, म्हणून मी ‘प’च्या जागी ‘फ’ केला. मित्राला वाटले की हा नदीवरचा पूल आहे, फक्त उकार चुकला आहे, म्हणून त्याने ऱ्हस्व उकाराचा दीर्घ केला. प्रोग्रामने दोन्ही बदल इमानाने एकत्र केले आणि दोन्ही पडद्यांवर शुद्ध, निर्दोष ‘फूल’ उमटले. प्रती तंतोतंत जुळल्या होत्या. मात्र तो शब्द आमच्यापैकी कोणीच लिहिलेला नव्हता, आणि मित्राच्या मनात तर तिथे अजूनही नदीच वाहत होती.

प्रतींचा मेळ आणि माणसांचा मेळ यांतला फरक मला त्या एका शब्दाने जेवढा स्पष्ट दाखवला, तेवढा पुष्कळ पुस्तकांनी दाखवला नव्हता. पहिला प्रश्न गणिताचा आहे आणि तो सुटण्यासारखा आहे. दुसरा प्रश्न, मित्र त्या वेळी त्याच शब्दाकडे पाहत आहे आणि काहीतरी वेगळे समजून पाहत आहे, हे मला कळण्याचा आहे.

याला या शाखेत जो शब्द वापरतात, त्यासाठी मराठीत ‘भान’ इतका नेमका शब्द आहे की मला त्याचा हेवा करावासा वाटतो. दुसरे काय करत आहेत, याची जी जाणीव आपल्याला आपल्या कामाचा संदर्भ पुरवते, ती महत्त्वाची आहे आणि ती मिळवण्यासाठी वेगळे कष्ट पडता कामा नयेत, असे पॉल डोरिश आणि व्हिक्टोरिया बेलोटी यांनी १९९२ साली मांडले. त्याच सुमारास क्रिश्चन हीथ आणि पॉल लफ या दोन समाजशास्त्रज्ञांनी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एका नियंत्रण कक्षाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो या विषयातला माझा सर्वांत आवडता मजकूर आहे. त्या कक्षात गाड्यांचे नियंत्रण करणारा आणि प्रवाशांसाठी घोषणा करणारा असे दोघे जवळजवळ बसत. नियंत्रक एखाद्या चालकाशी फोनवर बोलत असे, आणि घोषणा करणारा, स्वतःचे काम चालू ठेवून, ते बोलणे कानाआड न करता ऐकत असे. गाडी फलाटावर थांबवून ठेवायला सांगितले जात आहे, एवढे कानावर पडताच त्याचा हात ध्वनिक्षेपकाकडे जाई. त्याला कोणी काही सांगितलेले नसे. नियंत्रकही आपले बोलणे शेजाऱ्याच्या कानावर पडेल अशा बेताने थोडे मोठ्याने बोले, एखादी गोष्ट स्वतःशीच पुटपुटे. कोणाच्याही कामाच्या यादीत ‘पुटपुटणे’ लिहिलेले नव्हते, पण कक्ष चालत होता त्यात त्याचा मोठा वाटा होता.

आता अशा कक्षाचे कोणी ‘आधुनिकीकरण’ करायचे ठरवले, तर तो काय करील? दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवील, दोघांना हेडफोन देईल आणि घोषणेची विनंती पाठवण्यासाठी एक फॉर्म तयार करील. मी त्या जागी असतो तर निश्चित बारा रकान्यांचा फॉर्म केला असता.

हवाई वाहतूक नियंत्रणातल्या कागदी पट्ट्यांची हकीकतही याच जातीची आहे. प्रत्येक विमानासाठी एक अरुंद पट्टी असते. नियंत्रक तिच्यावर हाताने खुणा करतो, पट्ट्यांचा क्रम लावतो आणि एखाद्या विमानाकडे लक्ष द्यायचे असेल तर त्याची पट्टी रांगेतून जराशी बाहेर सरकवून ठेवतो. शेजारून जाणारा दुसरा नियंत्रक एका नजरेत ओळखतो की इथे काम वाढले आहे आणि कुठे वाढले आहे. या पट्ट्यांवरची माहिती संगणकात आणणे अवघड नव्हते, कारण ती बरीचशी संगणकातूनच छापून आलेली असे. मात्र ब्रिटनमध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि पुढे फ्रान्समध्ये वेंडी मॅके यांनी जवळून पाहिले तेव्हा लक्षात आले की पट्टीवर छापलेल्या माहितीइतकेच तिचे हातात धरण्याजोगे, सरकवण्याजोगे आणि दुसऱ्याला दिसण्याजोगे असणे कामाचे आहे. जुन्या गोष्टींचे कौतुक म्हणून मी हे लिहीत नाही. पुढे पट्ट्यांची जागा घेणारे पडदे आलेच. पट्टी सरकवण्याच्या कृतीत किती काम दडलेले होते, ते आधी ओळखावे लागते, एवढेच.

भानाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आज संवादाच्या बहुतेक प्रोग्रामांत नावाशेजारी एक हिरवा ठिपका असतो. माणूस आत्ता यंत्रासमोर आहे, हे त्यावरून कळते. सहकाऱ्याने ‘आता विचारू का’ हे ठरवण्यासाठी तो ठिपका पाहिला, तर ते भान. वरिष्ठाने कोण किती वेळ जागेवर होता याची नोंद ठेवण्यासाठी पाहिला, तर ती पाळत. ठिपका तोच, माहितीही तीच. मग लोक तो ठिपका हिरवा ठेवण्याची युक्ती शोधतात, आणि तसे झाले की तो सहकाऱ्यांच्याही उपयोगाचा राहत नाही. नियंत्रण कक्षातला माणूस शेजाऱ्याचे ऐकत होता, पण शेजारीही त्याचे ऐकत होता. ही परस्परता नाहीशी झाली की उरते ती एकतर्फी खिडकी.

काही प्रोग्राम याच्या उलट टोकाला गेले. त्यांनी माणसांच्या बोलण्यालाच आकार द्यायचा प्रयत्न केला. १९८०च्या दशकाच्या मध्यात टेरी विनोग्राड आणि फर्नांडो फ्लोरेस यांच्या विचारांतून ‘कोऑर्डिनेटर’ नावाचे सॉफ्टवेअर तयार झाले. बोलणे म्हणजे नुसती माहिती देणे नसून ती एक कृती असते, विनंती, वचन, नकार, पूर्तता अशा कृतींतूनच काम पुढे सरकते, हा त्यामागचा सिद्धान्त होता, आणि तो खोलवर विचार केलेला होता. त्यामुळे प्रत्येक संदेश पाठवताना ही विनंती आहे की वचन आहे, हे सांगावे लागे. ल्युसी सुचमन यांनी पुढे यावर जो आक्षेप घेतला, त्याचा गाभा असा की असे वर्गीकरण सक्तीचे केले की ती शिस्त होते, आणि ती शिस्त कोणाच्या सोयीची आहे, हे विचारावे लागते. मला यात व्यवहाराचीही एक गोष्ट दिसते. ‘जमल्यास उद्यापर्यंत पाहाल का’ हे वाक्य विनंती, सूचना, आठवण आणि सौम्य तक्रार यांपैकी नेमके काय आहे, हे ठरवायचे नसते म्हणूनच तर आपण ते तसे लिहितो. हे संदिग्ध ठेवणे आळसातून येत नाही. दोन माणसांना एकमेकांचा मान राखून काम पुढे नेता यावे, यासाठी ठेवलेली ती जागा असते.

कॅलेंडरच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण तो तिथेच संपत नाही. वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये एका मोठ्या सल्लागार कंपनीत ‘लोटस नोट्स’ हे समूहकार्याचे सॉफ्टवेअर कसे रुजले, किंवा खरे तर कसे रुजले नाही, याचा अभ्यास मांडला. तीन वर्षांपूर्वीच बाजारात आलेले नोट्स हे त्या काळातले अत्यंत समर्थ साधन होते आणि कर्मचाऱ्यांनी आपले ज्ञान त्यातून एकमेकांना द्यावे, ही व्यवस्थापनाची अपेक्षा होती. पण त्या कंपनीत बढती मिळाली नाही तर बाहेर पडावे लागे, आणि बढती मिळे ती आपल्याजवळ इतरांपेक्षा अधिक काही आहे हे दाखवून. शिवाय प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या खात्यावर लावावा लागे, आणि नवे सॉफ्टवेअर शिकण्याचा तास कोणाच्या खात्यावर लावायचा, याला उत्तर नव्हते. वरच्या पदावर स्थिरावलेल्या भागीदारांना ज्ञान वाटण्यात धोका नव्हता, म्हणून त्यांचा उत्साह अधिक होता. इथे सॉफ्टवेअरमध्ये एकही दोष दाखवता येत नाही. मी माझ्या सहकाऱ्यांना बेशिस्त म्हटले होते, तसे कोणी या लोकांना स्वार्थी म्हणेल. पण त्यांनी त्या व्यवस्थेचे नियम अचूक वाचले होते, एवढेच म्हणता येईल.

माझ्या दृष्टीने त्याहून अनपेक्षित गोष्ट अशी की ज्या कॅलेंडरवर ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये बोट ठेवले होते, ते काही वर्षांनी यशस्वी झालेले त्यांनाच पाहायला मिळाले, आणि त्यांनी ते प्रांजळपणे लिहिले. १९९५ मध्ये लेसिया पॅलेन यांच्याबरोबर मायक्रोसॉफ्ट आणि सन या दोन कंपन्यांचा अभ्यास करताना त्यांना दिसले की तिथे सामाईक कॅलेंडर सर्रास वापरात आहे आणि ते वरून सक्तीने आलेले नाही. तोपर्यंत सगळ्यांच्या टेबलांवर नेटवर्कने जोडलेले संगणक आले होते, प्रोग्राम वापरायला सोपे झाले होते, आणि मुख्य म्हणजे ज्याने कॅलेंडर भरायचे त्याला स्वतःलाही त्यातून काही मिळू लागले होते. आसपासचे सगळे वापरतात म्हटल्यावर न वापरणाऱ्यावर बरोबरीच्या लोकांचाच दबाव येई. एक बारीक फरकही होता: सनमध्ये प्रत्येकाच्या नोंदी इतरांना मुळातच वाचता येत, तर मायक्रोसॉफ्टमध्ये फक्त मोकळा की व्यग्र एवढेच दिसे. बहुतेक लोकांनी ही मूळ मांडणी बदललीच नाही. एखाद्या प्रोग्रामरने सहज ठेवलेल्या एका पर्यायामुळे एका कंपनीत लोक एकमेकांचे दिवस वाचू लागले आणि दुसरीकडे ते झाकलेले राहिले. हे वाचल्यापासून कोणताही पर्याय ‘मुळात’ कसा ठेवायचा, हे ठरवताना माझा हात थबकतो.

माझे कॅलेंडर पुढे एकदा मी पुन्हा लिहायला घेतले, तेव्हा पहिल्यांदा जुन्या नोंदी काढून पाहिल्या. ज्या मोजक्या नोंदी लोकांनी केल्या होत्या, त्यांत दिनांक आणि वेळ सोडून बाकीचे रकाने बहुधा कोरे होते. बैठकीचा प्रकार, प्राधान्य, प्रकल्पाचा क्रमांक, काहीही भरलेले नव्हते. एक रकाना मात्र पुष्कळदा भरलेला होता. तो मी अगदी शेवटी, जागा उरली म्हणून ठेवला होता आणि त्याला ‘शेरा’ असे नाव दिले होते. त्यात लोकांनी लिहिले होते: ‘फोन चालेल’, ‘घाई नसेल तर दुपारनंतर’, ‘आज डोके चालत नाही, उद्या बोलू’, आणि एका ठिकाणी, दुसऱ्याच कोणाच्या तरी लिहिण्याच्या सवयीने, ‘हिला आज त्रास देऊ नका, अहवाल संपवते आहे’. संगणकाला यातले काही वाचता येत नव्हते, म्हणून मोकळा तास शोधताना माझा प्रोग्राम तो रकाना वगळत असे. नव्या आवृत्तीत मी दिनांक, वेळ आणि शेरा एवढेच ठेवले, शेरा सर्वांत वर आणला, आणि तास शोधण्याचा तो भाग काढून टाकला.